खोकल्याचे पाणी

माझे संपूर्ण नाव सखाराम बाळकृष्ण लोहार. वय वर्षे त्र्याऐंशी पूर्ण. शाळेत तिसरीपर्यंत गेलो. पुढचे सर्व वाचन स्वकष्टाचे. भट्टीखाली राख साचते, तसे लोहाराकडे किस्से साचतात. रोज उपसावी, तरी दुसऱ्या दिवशी तेवढीच! त्यांतील काही येथे नोंदवतो. सर्व उत्तनच्या किनाऱ्याजवळच्या खारी गावातल्या आमच्या भट्टीवरचे, दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागेचे.

भट्टी माझे चुलते दामूकाका यांची. मी भाता ओढत असे आणि घण मारत असे. पोलाद तापवून दगडी दोणीतल्या पाण्यात बुडवणे, म्हणजे पाणी देणे, हे काम मात्र काकांचेच. त्या वेळी भट्टीवर कोणी बोलायचे नाही, असा आमच्या घराचा दंडक होता. बोलण्याने पाणी बाटते म्हणे!

एकदा शेजारीण ओरडत आली. काकांनी हाताने थोपवले, सुरी बुडवली, मग शांतपणे विचारले, "हं, काय झालं?"

"अहो, तुमच्या गवताच्या गंजीला आग लागलीय!"

"मग पाणी तयारच आहे," काका म्हणाले. दोणीतून बादली भरली आणि धावले!

*

गावचे पाटील मिठागरांचे मालक. एके दिवशी मिठागरातले दाट खारे पाणी घागरीतून घेऊन आले. म्हणाले, "दामू, आमचं पाणी कडक. यात सुरी बुडव, धार कशी कडक होते बघ!"

खाऱ्या पाण्यात पोलाद फार झपाट्याने निवते, आणि पातळ पात्याला ते सोसत नाही. काकांना हे ठाऊक होते. पण पाटलांना नाही कोण म्हणणार? सुरी बुडवली. टिच्च!

काकांनी दोन्ही तुकडे नम्रपणे पुढे केले. "पाटील, एक मागितली होतीत. दोन झाल्या!"

*

युद्धात पोलाद मिळेनासे झाले. मोडकी कानस हाती लागली, तर आम्ही ती सोन्यासारखी जपत असू. तिच्यातून उत्तम सुरी होते. तेव्हा पाटलांनी जुन्या गलबताचा वीतभर खिळा आणला. "याचा कोयता कर."

साधे लोखंड ते. कितीही तापवा, कितीही बुडवा, मऊच राहते.

"चार वेळा पाणी पाज," पाटलांचा आग्रह.

"पाटील, याला उत्तनचा अख्खा समुद्र पाजला, तरी हे तहानलेलंच राहील!"

*

धारेचेही तसेच. पाटलांनी आमच्याकडून घेतलेला दुसरा, पोलादी कोयता निसण्यावर इतका घासला, की हातावरचे केस उतरू लागले. मोठ्या अभिमानाने गावभर दाखवून आले. नंतर त्याच कोयत्याने नारळ सोलायला बसले, आणि तिसऱ्या घावाला धार दुमडली.

"दामू, तुझं पोलाद खोटं!"

काकांनी कोयता उजेडात धरला. "पोलाद खरं आहे. कोयत्याच्या धारेला पाठीमागे थोडं मांस लागतं. तुम्ही असं करा ना: कोयत्याने नारळ सोला आणि दाढी आमच्या न्हाव्याकडे करा!"

*

मी रद्दीतून धातुविद्येचे एक पुस्तक मिळवले होते. त्यात स्पष्ट लिहिले होते, की विहीर कोणती याला महत्त्व नाही. पोलाद कोणत्या रंगावर बुडवले, याला आहे. काका तर सगळे श्रेय विहिरीच्या पाण्याला देत, म्हणून मी ते त्यांना वाचून दाखवले.

काकांनी पूर्ण ऐकून घेतले. "छान लिहिलंय. लिहिणाऱ्याचा हात कधी भाजला होता का, ते लिहिलंय का रे कुठे?"

*

आता शेवटचा. उत्तनच्या ब्रिजितबाय म्हणजे आमचे मोठे गिऱ्हाईक. मासळी सुकवण्याच्या हंगामापूर्वी तिथल्या सगळ्या बायकांच्या सुऱ्यांची ऑर्डर त्याच आणत. त्या वर्षी सुऱ्यांच्या धारेच्या कपच्या उडू लागल्या. ब्रिजितबायनी एक सुरी काकांपुढे आदळली.

"दामूदादा, दात बघ हिचे! तुज्या तोंडात तरी याहून जास्त हायेत!"

"पाणी बिघडलंय विहिरीचं," काका म्हणाले.

पाणी बिघडले नव्हते. काकांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. लाल पोलाद पांढरे पडू लागले, तरी त्यांना कळत नसे, आणि इतके तापलेले पोलाद बुडवले की ठिसूळ होते. ते मला ठाऊक होते. पण पाणी देताना बोलायचे नाही, आणि एरवी हे बोलायचे कसे?

चार दिवसांनी ब्रिजितबाय स्वतःच्या विहिरीची घागर डोक्यावर घेऊन आल्या. "ही शेवटली सुरी. इचा दात पडला तर आमी सगल्या बाया वसईच्या लोहाराकडं जानार. मंग माज्यावर रागवायचं न्हाय!"

ते पाणी दोणीत ओतले. काकांनी सांडशीत सुरी धरली. मी भाता ओढू लागलो. पोलाद पिकल्या तोंडल्यासारखे लाल झाले. काका थांबलेलेच. आणखी दोन फुंकरी, की सुरी गेली.

मी खोकलो.

काकांनी तत्क्षणी सुरी बुडवली. मग तिचे पाते घासून, ठिसूळपणा उतरावा म्हणून ती पुन्हा निखाऱ्यावर हलकेच धरली. पात्यावर वाळल्या गवताचा पिवळा रंग सरकत आला. मी पुन्हा खोकलो. सुरी पुन्हा पाण्यात.

ब्रिजितबाय जाताना म्हणाल्या, "पोराला काढा दे रं."

पंधरवड्याने त्या सुक्या बोंबलांची जुडी घेऊन आल्या. "एक दात न्हाय पडला! आमच्या हिरीचा गुन हाय!"

"पाण्याचाच गुण," काका गंभीरपणे म्हणाले.

त्या वळणाआड गेल्यावर काकांनी सांडशी उचलली आणि माझ्याकडे न पाहता म्हणाले, "सख्या, त्या खोकल्यावर औषध घेऊ नकोस."

तो हंगाम मी खोकत काढला. दिवाळीनंतर सांडशी माझ्या हाती आली, आणि भाता काका ओढू लागले.