विसाव्या पानावरचं ‘नाही’

मागच्या बुधवारी आमच्या दहिसरच्या घरी हेल्थ इन्शुरन्सची पॉलिसी आली. म्हणजे मोबाइलवर आली... चौतीस पानांची.

इतकी वर्षं आम्ही दोघं मुलाच्या ऑफिसच्या पॉलिसीत होतो. त्याने नोकरी बदलली आणि नव्या कंपनीने आईवडिलांना काही घेतलं नाही. एकाहत्तराव्या वर्षी पुन्हा पहिलीत नाव घातल्यासारखं झालं.

मदतीला होती प्रज्ञा. वरच्या मजल्यावरच्या जाधवांची सून, इन्शुरन्सचंच काम करते. हुशार मुलगी, पण मला पहिल्या दिवसापासून जरा शंकाच होती. एक तर ती चहा घेत नाही. दुसरं म्हणजे ओटीपी इतक्या सहज मागते, जसं काही शेजारणीने विरजण मागावं...

शाळेत कवितेखाली कठीण शब्दांचे अर्थ दिलेले असायचे. गुरुजी आधी ते पाठ करून घेत, मग कविता चालीवर म्हणायची. मी पॉलिसीही तशीच वाचायला घेतली. पण इथे दिलेले अर्थच मूळ शब्दांपेक्षा कठीण.

तरी चिकाटीने वहीत उतरवत गेलो. को-पेमेंट म्हणजे बिलातला ठरलेला हिस्सा आपणच भरायचा. वेटिंग पिरियड म्हणजे आधीपासून असलेल्या आजाराचा खर्च काही वर्षं मिळणार नाही. खोलीच्या भाड्याला मर्यादा, आणि महागडी खोली घेतली तर बाकीच्या बिलालाही कात्री... एवढं सगळं कापून ही माणसं देतात तरी काय, असं मनात आलं.

विसाव्या पानावर आम्ही दिलेल्या उत्तरांची यादी होती. सुमन, म्हणजे आमची सौभाग्यवती, तिच्या नावापुढे लिहिलं होतं... मधुमेह : नाही.

हिला आठ वर्षं शुगर आहे. सकाळ-संध्याकाळ गोळी चालू आहे. उद्या ही हॉस्पिटलात पडली तर कंपनी म्हणणार, तुम्ही आजार लपवलात, क्लेम नाही. आणि आम्ही दोघं म्हातारे काउंटरवर बघत उभे.

मला वाटलं, सापडला चोर. कमिशनसाठी पोरीने सगळीकडे ‘नाही, नाही’ करून टाकलं. दोन दिवस मी तिच्याशी लिफ्टमध्ये बोललो नाही.

शुक्रवारी तिला घरी बोलावलं आणि मोबाइल समोर धरला. “हे काय लिहिलंयस?”

तिने वाचलं. चेहरा उतरला तिचा. “काका, हे मी नाही लिहिलं. आजाराचे प्रश्न कंपनीचे डॉक्टर फोनवर विचारतात. मी सांगून ठेवलं होतं ना, फोन आला की खरं ते सांगा... काकू, तुम्ही काय सांगितलंत?”

सुमन पदराला हात पुसत स्वयंपाकघरातून आली. “ती बाई विचारत होती, शुगर आहे का. म्हटलं नाही. गेल्याच महिन्यात रिपोर्ट नॉर्मल आलाय माझा.”

“गोळीमुळे नॉर्मल आलाय, काकू.”

“असेल. पण परक्या बाईला कशाला सांगू गं? आजाराचं नाव घेतलं की तो वस्तीला येतो.”

हिच्या माहेरी, मालवणकडे, ही रीतच. सासूबाई दम्याला कधी दमा म्हणाल्या नाहीत, नुसतं ‘तां’, म्हणजे ‘ते’, म्हणायच्या. धाप लागलेली असतानाही कोणी तब्येत विचारली, तर उत्तर ठरलेलं... “बरी आसंय.”

आणि तो फोन आला तेव्हा मी कुठे होतो? बाजूच्याच खुर्चीत. चौथीतली एक कविता आठवत होतो, तिसरं कडवं काही केल्या सापडत नव्हतं. माझ्या शेजारी बसून ही ‘नाही’ म्हणाली आणि मला ते ऐकूही आलं नाही.

प्रज्ञा चिडली नाही. म्हणाली, पॉलिसी येऊन तीस दिवस व्हायचे आहेत, तोवर ती दुरुस्त किंवा परत करता येते; आताच मेल करू आणि कंपनीच्या डॉक्टरांचा फोन पुन्हा मागवून घेऊ. हप्ता वाढेल, कदाचित कंपनी नकोच म्हणेल. “पण खोट्या उत्तरावरची पॉलिसी म्हणजे नुसता कागद आहे, काका.”

ती तिथेच बसून मेल टाइप करायला लागली. सुमनची शुगर लिहून झाली. “अजून काही?”

“ह्यांचं पण लिही,” सुमन म्हणाली.

“माझं काय?”

“स्टेशनच्या स्कायवॉकचा जिना चढताना छातीत भरून येतं ते. दोनदा थांबता आणि भिंतीवरच्या जाहिराती वाचल्यासारखं करता. मला काय दिसत नाही?”

चार महिने झाले, हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. हिच्यानंतर फोन माझ्याकडे आला, तेव्हा त्या डॉक्टरबाईंना मीही ‘काही त्रास नाही’ म्हणालो होतो. विसाव्या पानावर माझ्या नावापुढेही तसंच ‘नाही’ होतं... वाचताना ती ओळ मला दिसली होती, आणि मी पुढच्या पानावर गेलो होतो.

प्रज्ञाने टाइप करणं थांबवलं. “काका, मेल होईल संध्याकाळी. आधी डॉक्टरकडे चला.” ती स्वतः रिक्षा घेऊन आली.

कार्डिओग्राम झाला. पुढच्या तपासण्या सांगितल्यात, गोळ्या सुरू झाल्यात. मेलही गेला, दोघांचं सगळं खरं लिहून. कंपनी काय म्हणते ते अजून कळलेलं नाही. प्रज्ञाची माफी मागितली, तर “असू दे हो” म्हणून कामाला निघून गेली.

माझ्या वयाच्या मित्रांना एवढंच सांगतो... तो फोन येईल तेव्हा नवराबायको एकत्र बसा, आणि एकमेकांचे आजार एकमेकांनी सांगा. आपले आजार आपल्यापेक्षा जोडीदारालाच नीट माहीत असतात.