वीतभर खाली

मोजणीबाईंचं काम सोपं, पण हेलपाट्यांचं. संस्थेने लावलेल्या रानात फिरायचं, छातीच्या उंचीवर बुंध्याला टेप गुंडाळायची आणि घेर वहीत उतरवायचा. दहा वर्षं हे काम त्यांच्या नवऱ्याने केलं. तो ताडमाड उंच, म्हणून सगळे त्याला लंबू म्हणत. त्याच्या गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा टेप बाईंच्या हाती आली. बाई त्याच्या खांद्यालाही लागत नसत.

पहिल्याच वर्षी वहीतलं रान नुसतं फोफावलं. साहेब खुर्चीवरून उठून म्हणाले, "बाई, तुमचा हातगुणच चांगला!" झाड वाढलं म्हणजे त्याने तेवढा धूर गिळला, असा संस्थेचा हिशेब. ही वाढ कागदावर विकली जाई. या वेळची एका दूरच्या कारखान्याने घेतली, आणि तेवढा जादा धूर सोडायला तो मोकळा झाला. बाईंना नोकरीत कायम करायचं ठरलं. घर किती दिवसांनी हसलं!

मग एका दुपारी लंबू काठी टेकत रानात डबा घेऊन आला. जुनी सवय, त्याने टेप ओढून घेतली आणि एक बुंधा मोजला. वहीतल्यापेक्षा घेर दोन बोटं कमी भरला.

"अगं, तू टेप धरतेस कुठे?"

"छातीशी. आणखी कुठे?"

"तुझ्या छातीशी!" तो खो खो हसला, आणि मधेच थांबला. बुंधा खाली जाड असतो हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण छाती कुणाची, हे लिहून द्यायचं त्या दीडशहाण्या संस्थेला सुचलं नव्हतं.

बाईंनी वही मिटली. "साहेबांना सांगायला हवं."

"गप्प बस," लंबू म्हणाला. "हातची नोकरी जाईल." पण बोलताना त्याने बाईंकडे पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी बाई कचेरीत उभ्या राहिल्या. "साहेब, रान वाढलेलं नाही. मी बुटकी आहे." आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं.

साहेबांनी दार लोटून घेतलं. "आता काय उपयोग? व्यवहार झालाय. तिकडे नवी भट्टी पेटलीसुद्धा."

"मग तिचा धूर कोण गिळणार?"

साहेब कागद चाळत राहिले. "तुम्ही दमलात, बाई. पुढच्या मोजणीला दुसरं कुणीतरी बघतो."

बाईंनी टेप टेबलावर ठेवली.

"बघा की. फक्त माझ्याहून बुटकं बघा, म्हणजे रान अजून वाढेल."