नानांचं नको म्हणणं

ज्याला जेवायला बोलावलं की यजमानालाच परीक्षेला बसल्यासारखं वाटतं, असा माणूस अख्ख्या खानदेशात एकच, तो म्हणजे माझे थोरले मेहुणे. आणि त्यांची बोलती बंद करण्याचं पाप माझ्या माथी आहे.

त्यांना आम्ही नाना म्हणतो. सावद्याला त्यांची केळीची बाग. लग्नाला निघताना माझी बहीण, अक्का, आहेराची पिशवी घेते आणि नाना स्वतःचं स्टीलचं ताट घेतात. वाढपी बट्टी घेऊन वाकला की म्हणतात, "अर्धीच टाक भाऊ. भांड्यात राहिली तर कोनी खाईल, ताटात राहिली तर कोनीच नाही." व्यापाऱ्याने डागी म्हणून बाजूला काढलेली केळी त्यांच्या घरी सकाळी शिकरण, दुपारी भाजी आणि संध्याकाळी सालांची चटणी होऊन पुढ्यात येतात. अक्का म्हणते, "मी मानसाशी लगन केलं का घडाशी, तेच कळत नाही." एकदा ते आजारी होते म्हणून मी किवी नेली. नानांनी फळ निरखून पाहिलं आणि उशाशी ठेवलं. "हे माह्यापेक्षा जास्त फिरून आलं रे. याले आराम करू दे."

सगळ्यात कडक नियम भरिताचा. हिवाळ्यात शेतात कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजून ते गावजेवण घालतील. पण होळी झाली की भरिताला शिवणार नाहीत. "उन्हाळ्यात गावाले टँकर अन् वांग्याले पाटाचं पानी?"

आणि मी लेकीच्या साखरपुड्याला, भर मे महिन्यात, जळगावात भरीत ठेवलं. पुण्याच्या व्याह्यांनी हौसेने मागितलं होतं. नानांनी ताटावर हात आडवा धरला. व्याह्यांनी कारण विचारलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं आणि मी मोठ्याने म्हणालो, "आमचे नाना एकटेच पृथ्वी वाचवतात! स्वतःच्या केळीचे ट्रक मात्र थेट दिल्लीला!"

पंगत हसली. नानाही हसले. मग वाढप्याला परत बोलावून त्यांनी भरीत घेतलं आणि सगळं संपवलं.

तेव्हापासून माझ्याकडे आले की ते वाढलेलं सगळं मुकाट्याने खाऊ लागले. गेल्या महिन्यात अक्का फोनवर म्हणाली, "तुह्या घरी ते पाव्हने झाले रे."

दुसऱ्याच दिवशी मी सावदा गाठलं. बागेत घड उतरत होते, बांधावर ट्रक उभा होता. मी तोंड उघडायच्या आत नानाच म्हणाले, "खरंच बोल्ला होता तू. ट्रक माह्येच. केळीवर घर चालते, ते सुटत नाही. ताटातलं तेवढं माह्या हातात होतं."

मला त्यांच्याकडे बघवेना.

"नाना, खरं होतं म्हणून नाही बोललो मी. व्याह्यांपुढे तुमची लाज वाटली म्हणून बोललो. चुकलं माझं. माझ्या घरी पहिल्यासारखं 'नको' म्हणत जा."