हवावाल्या बाईंची गच्ची

हवावाल्या बाईंनी आयुष्यात कुणालाच माफ केलं नाही, आणि त्याचं त्यांना वाईट वाटणं तर सोडाच, उलट अभिमान होता. "माफ करणं म्हंजे विसरणं, अन् माही आठवण अजून शाबूत हाय," असं त्या म्हणायच्या. सोनाळ्यातल्या पोरांना भूगोल शिकवता शिकवता त्यांचे केस पिकले. मी त्यांच्या हातचा मार खाल्लेला विद्यार्थी. पुढे गावातच झेरॉक्सचं आणि कंप्युटर दुरुस्तीचं दुकान टाकलं, आणि निवृत्तीनंतर बाईंनी जे युद्ध पुकारलं त्यात न विचारता भरती झालो.

युद्धाला कारण होतं. एका उन्हाळ्यात सातपुड्याकडून वादळ उतरलं आणि आमच्या वस्तीतल्या बुद्धविहाराचे पत्रे उडून नाल्यापलीकडे जाऊन पडले. बाई नुकसानभरपाईचा अर्ज घेऊन तालुक्याला गेल्या. तिथल्या साहेबांनी अर्ज वाचला, फाईल चाळली आणि त्या दिवशी सोनाळ्यात वारा झाल्याची नोंदच नाही, असं सांगितलं. "मंग पत्रे काय पायानं चालत गेले?" बाईंनी विचारलं. साहेब हसले. त्या हसण्यामुळे पुढे काय काय झालं ते साहेबांना कधी कळलं नसेल. बाईंनी मात्र घरी येताना एस.टी.तच ठरवून टाकलं होतं की आता गावाचा वारा आपणच मोजायचा आणि साऱ्या जगाला दाखवायचा.

मग गच्चीवर लोखंडी खांब उभा राहिला. त्यावर वारा मोजणाऱ्या गरगर फिरणाऱ्या वाट्या, दिशा दाखवणारा बाण, ऊन लागू नये म्हणून पांढऱ्या चकत्यांच्या डब्यात बसवलेले तापमापक आणि आर्द्रतामापक, आणि बाजूला पर्जन्यमापक. तिथून निघालेली तार खिडकीतून स्वयंपाकघरात, ज्वारीच्या कोठीशेजारी ठेवलेल्या कंप्युटरला. हाच कंप्युटर बाईंची वेबसाईट चालवायचा. म्हणजे कुणी मुंबईत बसून सोनाळ्याचा वारा बघितला, तरी तो बाईंच्या स्वयंपाकघरातूनच बघायचा. मी किती वेळा म्हटलं, साईट बाहेर एखाद्या कंपनीच्या मशीनवर ठेवू, लाईट गेली तरी चालू राहील. बाई ऐकतच नसत. "माह्या गच्चीवरचा वारा दुसऱ्याच्या घरी काऊन ठेवू? उद्या त्यानं दार लावून घेतलं मंग?" त्यामुळे वीज गेली आणि इन्व्हर्टरनं मान टाकली की साईट बंद. मे महिन्यात कुलर कंप्युटरकडे तोंड करून लागायचा आणि बाई स्वतः पदरानं वारा घेत बसायच्या.

आकड्यांखाली टीप लिहायची त्यांची एक सवय होती. आकडा कशामुळे चुकला असेल तर ते कारण लिहायचं, आणि ज्यानं चुकवला त्याच्यासकट लिहायचं. बोलणं वऱ्हाडी असलं तरी टीप मात्र पुस्तकी मराठीत. 'शेजारीण बाईंनी तापमापकाच्या खांबावर ओला परकर वाळत घातला. आजची आर्द्रता ग्राह्य धरू नये.' शेजारीण बाईंचा मुलगा पुण्याला नोकरीला होता, त्यानं ते वाचलं आणि आईला फोन केला. पुन्हा त्या खांबावर कधी काही वाळलं नाही. एकदा एका लाइनमनचं नाव न घेता त्यांनी लिहिलं, 'वीज दुपारी गेली. संबंधित इसम पानटपरीवर दिसला.' लाइनमन दुकानात येऊन माझ्यावरच भडकला, "तुह्या त्या बाईले सांगून ठेव बे!" मी सांगितलं. बाईंनी दुसऱ्या दिवशी तेही लिहिलं.

हळूहळू लोक साईट बघू लागले. फवारणीआधी वारा बघायचा, संत्र्याच्या बागेला पाणी द्यायच्या आधी पाऊस किती झाला ते बघायचं. आणि याच सुमारास तालुक्यात अंदाजसम्राटाचा उदय झाला. हे नाव त्यानं स्वतःच स्वतःला दिलेलं. गळ्यात मफलर, समोर स्टँडवर मोबाईल, मागे ढगांचं चित्र. "राम राम मंडळी, आपल्या यंत्रणेनुसार..." अशी सुरुवात करून तो जे आकडे वाचायचा, ते दशांशासकट बाईंचे असायचे. त्याची यंत्रणा म्हणजे बाईंच्या स्वयंपाकघरातला कंप्युटर. बाईंनी त्याला गाठून जाब विचारला तेव्हा तो म्हणाला, "बाई, हवा काय तुमच्या मालकीची हाय का?"

"हवा नाही," बाई म्हणाल्या. "माप माहं हाय. सांगताना नाव सांग."

त्यानं नाव सांगितलं, पण ते असं. पुढे एका कृषी मेळाव्यात त्याचं भाषण होतं. बाई पुढच्या रांगेत, मी त्यांच्या शेजारी. बोलता बोलता त्यानं त्यांच्याकडे हात केला आणि म्हणाला, "आपल्या सोनाळ्यात या एक बाई हायेत. घरी करमत नाही म्हणून गच्चीवर खेळणं बसवलं हाय यायनं." मंडप हसला. आमच्या गावचे लोक सगळ्यांत जास्त हसले, आणि कोण कोण हसलं ते मला आजही तोंडपाठ आहे. बाई सरळ बसून राहिल्या. परतीच्या वाटेवर त्या इतकंच म्हणाल्या, "याले खोट्या आकड्यानं नाही मारायचं. खऱ्यानंच मारायचं." मला काही कळलं नाही.

कळलं ते मे महिन्यात. पावसाळ्याच्या तोंडावर बाई दरवर्षी पर्जन्यमापक तपासायच्या. दवाखान्यातून सलाइनची रिकामी बाटली आणायची, तिच्यात मोजून पाणी भरायचं, खांबाला उलटी टांगायची आणि थेंब थेंब पाणी मापकात सोडायचं. ओतलेलं पाणी आणि कंप्युटरवरचा पाऊस जुळला की यंत्र ठीक. तपासणीच्या दिवशी साईटवर सगळ्यांत वर, लाल अक्षरांत सूचना असायची. त्या दिवशीही होती, एरवीपेक्षा मोठ्या अक्षरांत: 'आज पर्जन्यमापकाची तपासणी आहे. पाणी मी स्वतः ओतत आहे. खालचा आकडा पाऊस समजू नये.' फरक एवढाच की एरवी एका बाटलीत काम भागायचं. त्या दिवशी बाटली संपली की बाई पुन्हा भरायच्या. गच्चीवर पाय ठेववत नव्हता इतकं ऊन, आणि कंप्युटरवर पाऊस चढत चालला होता.

"बाई, बस झालं ना आता," मी म्हटलं.

"काऊन बस? मोठ्या पावसातही यंत्र नीट चालते का नाही, पाहायले नोको?" असं म्हणून त्यांनी बाटली पुन्हा टांगली. चेहऱ्यावर भलतं समाधान होतं.

सम्राट आकडे तेवढे बघायचा. सूचना वाचायची त्याला कधी गरजच पडली नव्हती. दुपारी तो मोबाईलवर अवतरला. "मंडळी, सोनाळ्यात ढगफुटीसारखा पाऊस चालू हाय! आपल्या माणसाचा आत्ताच फोन आला, मले पावसाचा आवाज आला फोनवर. नाल्याले पूर येऊन राह्यला, सोनाळ्याचा रस्ता टाळा!" हे आमच्या गावची मंडळी पानटपरीवर बसून, घाम पुसत बघत होती. एकानं तर वर आभाळाकडे बघून टोपी काढून ठेवली. पण गंमत पुढेच होती. त्याच्या सख्ख्या साडूच्या पोराची वरात त्याच रस्त्यानं जायची होती. त्यांनी सम्राटाच्या शब्दाखातर गाड्या वळवल्या, दुसरीकडून फेरा घेतला, आणि नवरदेव मांडवात पोहोचला तेव्हा वऱ्हाडासाठी केलेलं जेवण गाववाले जेवून गेले होते. रुसवेफुगवे झाले. साडूनं तिथूनच फोन लावून सम्राटाला जे ऐकवलं ते छापण्यासारखं नाही.

त्यानंतर सम्राट बाईंच्या दारात आला. मफलर नव्हता. साईटवर एक ओळ टाका, यंत्र बिघडलं होतं म्हणून लिहा, अशी त्याची विनंती होती. बाईंनी त्याला पाणी दिलं, खुर्ची दिली आणि कंप्युटरचा पडदा त्याच्याकडे फिरवला. लाल सूचना अजून ठेवलेली होती.

"वाच."

तो पुटपुटला.

"मोठ्यानं. वर्गाले ऐकू जाऊ दे."

वर्ग म्हणजे एकटा मी. त्यानं मोठ्यानं वाचलं. बाईंनी अजून एकदा वाचायला लावलं आणि मग म्हणाल्या, "यंत्र चांगलं हाय. ये आता." मी दाराशी उभा होतो. इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता.

हे इथंच संपलं असतं तर किती बरं झालं असतं! पण लोक. मृगाचे ढग आले आणि टपरीवर पुन्हा सम्राटाचाच आवाज सुरू झाला. तो गोड बोलायचा, काळजी करू नका म्हणायचा. बाईंची साईट नुसते आकडे सांगायची. तो पुन्हा तेच आकडे चोरायचा, फक्त आता सूचना वाचून. बाई एकदा भाजी घ्यायला गेल्या तेव्हा टपरीवरच्या एकानं त्यांच्यासमोरच मोबाईलवर त्याचा आवाज वाढवला. बाईंनी भाजी निवडून पिशवीत भरली. घरी आल्यावर मात्र त्या रडल्या. मेळाव्यात रडल्या नव्हत्या, त्या दिवशी रडल्या. मी उगाच कंप्युटरवरची धूळ पुसत बसलो.

मग दुखणं आलं आणि ते मोठं निघालं. अकोल्याच्या दवाखान्यात मी भेटायला गेलो तेव्हा त्यांचा आवाज खोल गेला होता, पण त्यातला पीळ तसाच होता. माझा हात धरून म्हणाल्या, "मी गेली का साईट बंद करजो. यंत्र उतरवून घेजो. माह्यामागं त्याले एक आकडा भेटू देऊ नोको."

"बाई, पण बाकीचे लोक बी पाहतात ना," मी म्हटलं. "त्यायचं काय?"

"ते हसले होते," बाई म्हणाल्या आणि डोळे मिटून घेतले.

बाई गेल्या. पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे श्रद्धांजलीच्या कार्यक्रमाच्या दिवशी चौकात सम्राटानं फलक लावला. त्यात बाईंच्या फोटोपेक्षा त्याचा स्वतःचा फोटो मोठा होता. दुसऱ्या दिवशी मी गच्चीवर चढलो, वाट्या, बाण, डबा, मापक सगळं उतरवलं, पोत्यात गुंडाळलं आणि माझ्या घरी माळ्यावर ठेवून दिलं. कंप्युटर बंद केला. जगाच्या नकाशावरून सोनाळ्याचा वारा नाहीसा झाला.

या पावसाळ्यात सम्राटाचे अंदाज एकामागून एक तोंडावर आपटले. फवारणी सांगावी आणि पाऊस यावा, पाऊस सांगावा आणि ऊन पडावं. शेवटी तो माझ्या दुकानात आला. माझा हात धरून म्हणाला, "ते यंत्र दे ना भाऊ. बाईंचं नाव लावतो. मोठ्या अक्षरात लावतो. रोज घेतो त्यांचं नाव."

मी नाही म्हटलं.

"अबे, माह्यासाठी नोको देऊ. गावाचं नुकसान होऊन राह्यलं. माणसं फवारे मारतात अन् सारं वाहून जाते. तुह्या स्वतःच्या भावाचं वाहून गेलं काल. तुले समजत नाही का?"

समजत होतं. भाऊ सकाळीच घरी येऊन, माळ्याकडे बघून गेला होता.

"समजते," मी म्हटलं. "नाही देत."

तो गेला. मी समोरून चहा मागवला. छातीत गार गार वाटत होतं, खोटं कशाला सांगू? बाहेर वारा सुटला होता, दुकानावरची ताडपत्री फडफडत होती, आणि तो वारा किती आहे हे सांगणारं गावात कुणी नव्हतं. चहा आला तोवर मला बाईंची इतकी आठवण आली की तो तसाच निवून गेला.