विदाउट प्रेज्युडिस

आज ज्युनिअरने सहीसाठी एक पत्र पुढे ठेवलं. वर ठळक अक्षरांत 'विदाउट प्रेज्युडिस'. माझं डोकंच फिरलं.

इथे परदेशात लॉच्या पहिल्या वर्षी मी हॅरिस पार्कला एका भारतीय मिठाईच्या दुकानात काम करायचे. मालकाने आडनाव विचारलं आणि दुसऱ्या दिवसापासून मला किचनमध्ये पाऊल ठेवू दिलं नाही. मी तक्रार केली. त्याच्या वकिलाच्या पत्रावर हेच दोन शब्द होते. वेलचीचा वास येणाऱ्या हातांनी मी नागपूरला फोन लावला.

"बाबा, मनात भेदभाव नाही असं लेखी दिलंय त्यांनी!"

"तिकडे कायदा आहे, बेटा," बाबा म्हणाले.

पुढच्या सेमिस्टरला कळलं, अर्थ एवढाच की ते पत्र कोर्टात त्यांच्याविरुद्ध वापरता येणार नाही.

बाबा आजही सगळ्यांना सांगतात, "तिथे लेखी देतात."

मी दातओठ खात सही केली.