हळदीची धुरी

“आबांनी धुरी दिली, म्हणून कुत्रीच्या नाकातून रक्त आलं.” माझा मुलगा धुळ्यात येणाऱ्याजाणाऱ्याला हे सांगतो आणि ऐकणारे माना डोलावतात. दिवाळीपासून कुत्री त्याच्याकडे आहे. परत मागितली की तो फोनवर हळू आवाजात म्हणतो, “आबा, आता तुमच्याकडून होणार नाही.” त्याने वाद घातला असता तर मी त्याला पुरून उरलो असतो. या हळू आवाजापुढे माझे काही चालत नाही. म्हणून जे घडले ते लिहून ठेवतो.

चोपड्याजवळच्या आमच्या शेताच्या बांधावर कुसळी गवत वाळून उभे होते. सकाळच्या फेरीत कुत्री त्यात शिरली आणि बाहेर आली ती शिंकतच. खेळताना कुत्री दोन-चार शिंका देते, त्यात काही नसते. या शिंका थांबेनात. प्रत्येक शिंकेसरशी तिचे तोंड जमिनीवर आपटत होते. मग ती पंजाने नाकाची डावी बाजू ओरबाडू लागली.

शेजारची अक्का कुंपणापाशी येऊन म्हणाली, “आबा, इले सर्दी व्हयनी शे. धुरी द्या.”

आमच्याकडे सर्दी झालेल्या मुलाला निखाऱ्यावर हळद आणि ओवा टाकून धुरी देतात. माझ्या मुलालाही मी ती दिली होती. कुत्रीला मी टोपल्याखाली धरले. ती सुटण्यासाठी धडपडली, पण मला चावली नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा दिली, हेही मी लपवत नाही. चुरचुरणाऱ्या नाकाला धूर नव्हे, मोकळी हवा आणि डॉक्टर हवा असतो, हे आज मला कोणी शिकवू नये.

तिसऱ्या दिवशी तिने भाकरी हुंगली आणि तशीच सोडली. सणाला आलेल्या मुलाने तिला उचलून गाडीत घातले. चोपड्यापर्यंत तिचे डोके माझ्या मांडीवर होते आणि दर शिंकेला माझ्या धोतरावर रक्ताचे थेंब उडत होते. त्या वाटेत मी कोणत्या देवाला काय काय कबूल केले, ते येथे लिहिणार नाही.

जनावरांच्या डॉक्टरांनी आधी विचारले, घरी नाकात चिमटा तर घातला नाही ना. घातला नव्हता, तेवढे शहाणपण मला होते. त्यांनी भूल देऊन बोटाच्या पेराएवढे कुसळ बाहेर काढले आणि म्हणाले, “हे आत आत सरकत जातं, आबा. पहिल्याच दिवशी आणायला हवी होती.” मुलाने माझ्याकडे पाहिले नाही. कुत्री शुद्धीवर आली तसा तो तिला परस्पर धुळ्याला घेऊन गेला. गाडी वळेपर्यंत ती मागच्या काचेतून माझ्याकडे पाहत होती.

शेतावर तिची वाटी मी अजून रोज विसळतो.

उशीर माझा झाला, तो मी पत्करतो. पण रक्त धुरीने आले, हे साफ खोटे आहे. धूर दोन्ही नाकपुड्यांत शिरतो. आणि पहिल्याच सकाळी, मी निखारे आणण्याआधी, तिच्या एकट्या डाव्या नाकपुडीतून रक्ताचा थेंब आला होता. तो मीच माझ्या धोतराच्या सोग्याने पुसला होता.