आत्याची आडवी बाटली

कायद्याला आमच्या आत्याइतका जीव कोणी लावला नसेल, आणि कायद्यानेही तिच्याइतकं कोणाला रडवलं नसेल. मेडशीच्या पलीकडे एका लहानशा गावात तिची सोयाबीन-तुरीची शेती आहे. शाळा सातवीपर्यंतच, पण बोलणं असं, की बाई नुकतीच कोर्टातून उठून आली असावी. लहानपणी शेजाऱ्याचे पेरू चोरताना मी सापडलो, तेव्हा तिने आधी मला पायरीवर बसवलं आणि विचारलं, "सांग, तुह्यं म्हननं काय हाये?" माझं म्हणणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं, मान डोलावली आणि मग मारलं. आतोबांचा बैल एकदा लोकांच्या तुरीत शिरला, तर घरचाच बैल तिने स्वतः नेऊन कोंडवाड्यात घातला आणि वर नवऱ्याला म्हणाली, "दंड भरा अन घेऊन या. पावती घ्याले इसरू नका." आतोबा त्या दिवशी जेवले नाहीत.

मोर्चा आणि रास्ता रोको म्हटलं की मात्र हिला घरात चैन पडत नसे. शेताला दिवसा वीज द्या, पीकविमा द्या, मागणी कुठलीही असो, ही पहिल्या रांगेत. आवाज असा की माईकवाल्याने घरी जावं. तरीही तिला पाहिलं की पुढारी कपाळाला हात लावत, कारण एस.टी. दिसली की ही रस्त्यावरून उठून वाट करून द्यायची. "गाडीत लेकुरवाळ्या बाया हायेत. मागनी आपली, त्यायचा काय गुन्हा?" मग दवाखान्यात निघालेले, मग परीक्षेला निघालेले. शेवटी अडवायला एखादी मोटारसायकल उरायची, तीही पुढाऱ्याच्याच भाच्याची.

तिच्या घरासमोरच, गल्लीच्या पलीकडे, देशी दारूचं दुकान होतं. तिचा धाकटा मुलगा, माझा आतेभाऊ, सकाळी शटर उघडायच्या आधीच तिथे जाऊन बसायचा. विहिरीवरची मोटार दुरुस्त करण्यात त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत नव्हता, इतका गुणी पोरगा. गावात घरोघरी हेच चाललेलं. एक दिवस बायांचा धीर सुटला. मुसळं, कुऱ्हाडी, हाती लागेल ते घेऊन त्या दुकानावर चालून गेल्या. दुकानदार मागच्या दाराने पळाला. कुलपाला एक घाव पुरला असता, आणि नेमकी आत्याच कुलपापुढे जाऊन उभी राहिली. "परवाना हाये त्याच्याजोळ. फोडसान तर उद्या जेलात तुमी जासान, अन तो नवं दुकान टाकीन. मतदान मागू. आडवी बाटली करू!" तिचा शब्द मानून बाया परतल्या.

कायद्यात तशी सोय आहे. गावातल्या बायांनी मत द्यायचं. उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी म्हणजे बंद. पण मतदारयादीतल्या एकूण बायांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडवीला पडावी लागतात. जी आली नाही ती दुकानाच्याच पारड्यात. मतदान लागलं ऐन थंडीत, आणि तोवर खालच्या वस्तीतल्या बाया ऊसतोडीला निघून गेल्या होत्या. नवऱ्याचा सगळ्यात जास्त मार त्याच खायच्या. आडवीला ढीगभर मतं पडली, उभीला मूठभर, आणि दुकान राहिलं. पुन्हा अर्ज करायचा तर नियमाने वर्षभर थांबायचं होतं. आत्या थांबली. पावसाळ्यात आतेभाऊ वारला.

तेरावं झालं आणि दुसऱ्या दिवशी बाया पुन्हा मुसळं घेऊन तिच्या अंगणात आल्या. आता ही कोणाला अडवणार नाही, उलट पहिला घाव हीच घालेल, असं मलाही वाटलं. आत्या उठली. एकेकीच्या हातातलं मुसळ काढून घेऊन तिने भिंतीला टेकवून ठेवलं. "नव्या अर्जावर सह्या करून ठेवा," म्हणाली. "वर्ष भरलं का अर्ज देऊ. या खेपेले बाया ऊसाहून वापस आल्यावरच मतदान घ्याले लावू." खरं सांगतो, मला तिचा भयंकर राग आला, आणि तिच्या पायावर डोकंही ठेवावंसं वाटलं.

बाया गेल्या. आत्या ओट्यावर समोरच्या दुकानाकडे पाठ करून बसली होती. तिची समजूत काढावी म्हणून मी म्हणालो, "आत्या, त्या दिवशी दुकान फोडलं असतं तरी तो मेडशीला जाऊन प्यायलाच असता."

"पेला असता," ती म्हणाली. "पन पायी जा लागलं असतं ना, बाप्पा. अन शेवटी शेवटी त्याच्याच्यानं चावडीपर्यंतबी चालनं होत नव्हतं."